अनुभव हा देवाचा पुरावा होतो काय?

(श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले व्याख्यान)



आज कळस चढला. गावाचे स्वप्न पुरे झाले. ज्यांना देता आले त्यांनी पैसा दिला, ज्यांना पैसा देता आला नाही त्यांनी बैलगाडी, ट्रॅक्टर, वाळू आणि अंगमेहनत दिली. समितीने सगळा हिशोब फलकावर लावला आहे. सिमेंटच्या पोत्यापोत्याची पावती फाईलला आहे. असा चोख हिशोब ठेवणाऱ्या समितीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु पोत्याची पावती आहे, दगडाची पावती आहे, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या देवाची पावती कोणाजवळ आहे?

हा प्रश्न ऐकून कोणी रागावू नये. तो बाहेरच्या कोणा निंदकाने विचारलेला नाही. याच मंदिराचा पाया भरताना, दगड वाहणाऱ्या रांगेत तो विचारला गेला.

श्रमदानाला प्रत्येक घरातून एक माणूस यावा असे ठरले होते. एका घरातून आजोबा आणि नातू असे दोघे आले. आजोबांनी पायी वारी कधी चुकविली नाही. नातू कॉलेजात शिकणारा. काम करता करता नातू म्हणाला, "दगड वाहीन, कारण काम गावाचं आहे. पण हात जोडणार नाही. देव आहे याचा पुरावा मला अजून कुणी दिलेला नाही."

आजोबा म्हणाले, "अरे, मला अनुभव आलाय. वाखरीच्या माळावर, भर पावसात, सगळे टाळ एका ठेक्यात वाजत होते. मी कोण, कुठला, सगळं विसरलो. त्या घडीला तो जवळ होता. तू समोर आहेस ना, तसा."

नातू नम्रपणेच म्हणाला, "आबा, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण अनुभव तुम्हांला आला. पुरावा मला पाहिजे."

आजूबाजूची मंडळी तापली. असल्या नास्तिकाचा हात मंदिराच्या दगडाला लागू देऊ नका, असेही कोणी म्हणाले. आजोबा मात्र गप्प राहिले. त्या दिवशीचे काम तसेच थांबले. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. ज्या मुद्द्यावर दगड खाली ठेवला गेला, तो मुद्दा कळस चढल्यावर तरी नीट पाहिला पाहिजे.

प्रथम पुरावा म्हणजे काय ते पाहू. शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. घरचा कर्ता माणूस वारला की वारस तलाठ्याकडे वर्दी देतात. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. पण तेवढ्याने ती पक्की होत नाही. चावडीवर नोटीस लागते. ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना कळविले जाते. हरकत घ्यायला मुदत असते. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि मगच नोंद प्रमाणित होते. आता हे काम संगणकावर चालते, पण रीत तीच. एकदा प्रमाणित झालेली नोंदसुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे खरी धरली जाते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. हे 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' शब्द ध्यानात ठेवावेत.

आजोबांचा अनुभव ही एक वर्दी आहे. वर्दी आली की ती खोटी म्हणून फाडून टाकायची नसते. आणि वर्दी आली एवढ्यावरून ती उताऱ्यावर चढवायचीही नसते. फाडणे हा उद्दामपणा झाला आणि तपासाविना चढविणे हा भोळेपणा झाला. आपल्या गावात त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे कोणी समजू नये. कशाला ज्ञानाचे प्रमाण मानावे, हा तर भारतीय दर्शनांचा पहिला प्रश्न. चार्वाक म्हणाले, प्रत्यक्ष दिसते तेवढेच खरे. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. योग्यांना सामान्य माणसापलीकडचे प्रत्यक्ष ज्ञान होते असेही ते म्हणाले. तथापि ईश्वर सिद्ध करण्यासाठी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली तेव्हा मुख्य भर दिला तो अनुमानावर. कोणा योग्याने पाहिले म्हणून माना, एवढ्यावर त्यांनी भागविले नाही. उलट मीमांसक पाहा. वेदांवर त्यांची निष्ठा इतकी की वेदाच्या अक्षराला ते धक्का लागू देत नाहीत. पण कुमारिल भट्टांनी योगिप्रत्यक्ष मानले नाही आणि जगाचा निर्माता ईश्वरही मानला नाही. म्हणजे हा वाद केवळ आस्तिक आणि नास्तिक यांच्यातला नव्हे. तो यज्ञमंडपात बसलेल्या पंडितांमध्येही होता. तेव्हा नातवाने प्रश्न विचारला म्हणून त्याला मंडपाबाहेर काढायचे झाले, तर कुमारिल भट्टांनाही बाहेर काढावे लागेल.

आता हरकती ऐकू. पहिली हरकत अशी की, उपवास, जागरण, ताप, भांग यांनीही माणसाला विलक्षण गोष्टी दिसतात. मेंदूच्या काही विकारांतही देव दिसल्याचे रोगी सांगतात. मग वाखरीचा अनुभव थकव्याचा नव्हता कशावरून?

या हरकतीत तथ्य आहे, पण ती पुरी नाही. समोरचा आंबा दिसतो तेव्हाही मेंदूत काही घडतच असते. म्हणून आंबा खोटा ठरत नाही. मेंदूत काय घडले हे कळले, म्हणून बाहेर काय होते त्याचा निकाल लागत नाही. निकाल देवाच्या बाजूने लागत नाही, तसा देवाच्या विरुद्धही लागत नाही.

दुसरी हरकत अधिक कठीण आहे. वारकऱ्याला विठ्ठल दिसतो, बंगालच्या भक्ताला काली दिसते, ख्रिस्ती साधूला येशू दिसतो, आणि बौद्ध भिक्षू ध्यानाच्या शिखरावर पोचूनही निर्मात्या ईश्वराची साक्ष देत नाही. एकाच बांधाबद्दल चार साक्षीदार चार जबान्या देत असतील तर न्यायाधीशाने काय करावे? यावर उत्तर दिले जाते की अनुभव एकच, भाषा निराळ्या. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि मराठी संतांच्या मेळ्यात मानाने बसले, हे खरे. तथापि सगळे भेद केवळ भाषेचे आहेत असे म्हणणे सोपे असले तरी दाखवून देणे सोपे नाही. ही हरकत तक्रारी नोंदवहीत राहू द्यावी लागते.

तिसरी हरकत नातवाची. आजोबा म्हणतील, साखरेची गोडी सांगून कळत नाही, खाऊनच कळते. नातू म्हणेल, कबूल, पण साखर दुसऱ्याच्या हातावर ठेवता येते. यावर साधक म्हणतो की, आमचीही साखर हातावर ठेवता येते, फक्त तेथवर चालत यावे लागते. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. ते पाहायचे तर दुर्बिणीला डोळा लावावाच लागतो. दाखला चांगला आहे. पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. दुर्बीण नीट लावली की पाहणाऱ्या सगळ्यांना तेच चंद्र दिसतात. साधनेचे तसे नाही. जन्मभर वारी करूनही असा कसलाच अनुभव न आलेली माणसे या मंडपात बसलेली असतील. त्यांनी काही कमी केले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरो येथे याच विषयावर व्याख्याने दिली. जगभरच्या साधकांचे अनुभव गोळा करून त्यांनी जो निष्कर्ष काढला त्याचा मथितार्थ असा की, ज्याला अनुभव आला त्याच्यावर त्या अनुभवाची सत्ता चालते आणि तशी ती चालावी. परंतु ज्याला तो आला नाही त्याने डोळे मिटून तो मान्य करावा, असे बंधन त्याच्यावर येत नाही. तथापि असे अनुभव आहेत एवढ्यानेही, नेहमीच्या डोळ्यांना दिसते तेवढेच जग, ही खात्री ढिली पडते. वाखरीच्या माळावरचे आजोबा आणि दगड हातात घेतलेला नातू, दोघांनाही या निष्कर्षात जागा आहे.

पण एवढ्या लांब जायचे कारण नाही. आपल्या घरीच याहून मोठा दाखला आहे, आणि तो लहानपणापासून आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. तो नामदेवांचा.

परंपरा सांगते की विठ्ठल नामदेवांशी बोलत असे, त्यांच्या हातचा नैवेद्य खात असे. अनुभव म्हणून याहून मोठा अनुभव कोणता? तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईंनी विचारले, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला, अपमान वाटला. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे.

या कथेतली खरी गोष्ट पुष्कळदा ऐकूनही आपल्या लक्षात येत नाही. गोरोबांनी नामदेवांना असे म्हटले नाही की तुमचा अनुभव खोटा, विठ्ठल तुमच्याशी बोलतच नाही. अनुभवाची चौकशीच केली नाही. थापटणे मारले ते अनुभवावर नव्हे, माणसावर. एवढा देव जवळ असून अहंकार गेला नसेल, तर अनुभव खरा असूनही माणूस कच्चा, असा तो निकाल होता.

नामदेव दुःखी होऊन पंढरीला गेले आणि तेथून विसोबा खेचरांकडे. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू लागले तेथे पिंड. जो देव त्यांना एकाच राउळात भेटत होता, तो सर्वत्र आहे हे तेव्हा कळले. तेच नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. आणि पंढरीत त्यांनी जागा मागितली ती गाभाऱ्यातली नव्हे, पायरीची.

म्हणजे वर्दी आली, हरकत आली, सुनावणी झाली, मग नोंद प्रमाणित झाली. ही रीत आपल्या संतांनी घालून दिली. आणि सुनावणी झाली ती कोणा नास्तिकापुढे नव्हे, भक्तांच्याच मेळ्यात.

दुसरा दाखला अलीकडचा. १८८१ साली कलकत्त्याच्या कॉलेजात शिकणारा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, श्रीरामकृष्णांच्या सहवासात आला. आपण देव पाहिला आहे काय, हा त्याचा प्रश्न. श्रीरामकृष्णांनी सांगितले की होय, समोर तू दिसतोस तसा, किंबहुना त्याहून स्पष्ट. आपल्या आजोबांनी वेगळे काय सांगितले? पण नरेंद्राने लगेच साष्टांग नमस्कार घातला नाही. श्रीरामकृष्णांच्या स्पर्शाने त्याला सारे जग फिरताना दिसले, तरीही हे संमोहन तर नसेल, अशी शंका त्याने धरली. गुरूंना धातूचे नाणे सोसत नाही म्हणतात, हे खरे की सोंग, ते पाहण्यासाठी त्याने बिछान्याखाली नाणेही ठेवून पाहिले. आणि श्रीरामकृष्ण रागावले नाहीत. सराफ जसे नाणे वाजवून घेतो तसे मला पारखून घ्या, असेच ते शिष्यांना सांगत. ज्याचा अनुभव अस्सल आहे त्याला तपासणीची भीती वाटत नाही. ज्याला भीती वाटते त्याच्या खिशात काय आहे ते एकदा पाहावे.

नरेंद्राची नोंद केव्हा प्रमाणित झाली? १८९३ च्या शिकागोच्या टाळ्यांनी नव्हे. १८९८ साली कलकत्त्यात प्लेग आला, पैसा अपुरा पडेल असे वाटले, तेव्हा नुकतीच घेतलेली मठाची जमीन विकण्याची त्यांनी तयारी केली. देव दिसल्याची खूण ती.

तिसरा दाखला माता-भगिनींसाठी. सतराव्या शतकात ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंना कोल्हापुरी असताना स्वप्नात तुकाराम महाराजांचा उपदेश झाला. स्वप्नाला पुरावा कोण म्हणेल? पतीने तर संतापून छळ केला, कारण गुरू शूद्र. पण बहिणाबाई हटल्या नाहीत. स्वतःची सारी कहाणी त्यांनी अभंगांत लिहून ठेवली, त्यात मारही लपविला नाही. पुढे तेच पती त्यांच्याबरोबर देहूला गेले. स्वप्न कोणालाही पडते. स्वप्नासाठी जातीचा अहंकार सोडणे आणि त्याची किंमत मोजणे कोणालाही जमत नाही.

याच कसोटीची दुसरी बाजू कडू आहे, पण मंदिराच्या मंडपात ती सांगितलीच पाहिजे. मंगळवेढ्याचे चोखोबा गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली असे परंपरा सांगते. त्यानंतर शतकानुशतके गाभाऱ्यात किती जणांनी देवाजवळ असल्याचा अनुभव घेतला असेल! पण चोखोबांच्या भाऊबंदांना ते दार बंदच राहिले. मे १९४७ मध्ये सानेगुरुजींना त्यासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा ते उघडले. आतल्यांचे अनुभव खोटे होते असे म्हणता येणार नाही. पण थापटणे मारले असते तर मडकी कच्ची निघाली असती, एवढे निश्चित.

आणि ज्यांना अनुभव नाही त्यांचे काय? कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर. देव आहे असे मानायला त्यांची बुद्धी तयार नव्हती. एम.ए. होऊनही मोठ्या पगाराची वाट सोडून ते शिक्षक झाले, सत्य वाटले ते 'सुधारका'त लिहिले, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा लोकांनी काढलेली पाहिली, आणि दम्याशी झगडत १८९५ साली गेले. गोरोबांचे थापटणे आगरकरांच्या डोक्यावर बसले असते तर काय निकाल आला असता, याचा प्रत्येकाने घरी जाऊन विचार करावा.

एक व्यवहाराची गोष्ट. अनुभव हाच पुरावा असे एकदा मानले की त्या दाराने चोरही आत शिरतो. मला दृष्टान्त झाला, अमुक रक्कम आणा. माझ्या अंगात संचार होतो, अमुक बाईने करणी केली आहे. असे सांगणारे गावोगाव फिरतात. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच लुबाडणुकीला आळा घालण्यासाठी. तुकोबांनी ढोंगी गुरूंवर ओढलेले कोरडे त्याच्याही आधी साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. ज्याचा अनुभव तुमच्याकडे पैसा, भीती किंवा शेजाऱ्याचा द्वेष मागतो, त्याच्या वर्दीवर हरकत घ्या. ती घेणे हे वारकऱ्याचेच काम आहे.

तेव्हा विषयाचा सारांश एवढाच. अनुभव देवाचा पुरावा होतो काय? ज्याला आला त्याच्यापुरता होतो, आणि तोही 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत'. दुसऱ्यासाठी तो पुरावा नव्हे, साक्ष आहे. साक्ष ऐकावी, साक्षीदार कसा आहे ते पाहावे, पण साक्ष मान्य नाही म्हणून कोणाला गावाबाहेर काढू नये. संतांनी अनुभव सांगितले ते आपण हरावे म्हणून नव्हे, आपण चालू लागावे म्हणून. गणितासारखा देव सिद्ध करून देण्याचे वचन त्यांनी कोणाला दिल्याचे आढळत नाही. वचन दिले ते माणूस बदलेल याचे. आणि ते तपासून पाहणे कोणाही शेजाऱ्याला शक्य आहे.

आता दगडाची गोष्ट पुरी करू. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा सर्वांच्या आधी कामावर आले. नातूही आला, पण लांब उभा राहिला. कालचा दगड तसाच पडला होता. आजोबांनी एक बाजू धरली आणि हाक मारली, "ये रे. हा एकट्यानं उचलत नाही." रागावलेल्या मंडळींकडे वळून ते एवढेच म्हणाले, "मला वाखरीला जो भेटला, त्यानं मला हा पोरगा लांब उभा करायला सांगितलेलं नाही."

तो दगड या मंदिराच्या पायात आहे. समितीने श्रमदानाच्या यादीत दोघांचीही नावे घातली आहेत, आणि कोणी किती वेळा हात जोडले याचा रकाना त्या यादीत ठेवलेला नाही, हे समितीचे शहाणपण. आज सकाळी कळसाचा दोर ओढणाऱ्यांत तो नातूही होता.

हे मंदिर ज्याला अनुभव आला त्याचे आहे, ज्याला आला नाही त्याचे आहे, आणि जो अजून विचारतो आहे त्याचेही आहे. याचे दार कोणासाठी बंद होऊ नये, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी.